वाचक विचारतात : रिपोर्ट नॉर्मल, तरी मन का बिनसते?

गेल्या अंकात आम्ही ‘संप्रेरके आणि स्त्रीमन’ या विषयावर प्रश्न मागवले होते. नागपूर आणि आसपासच्या वाचकांनी भरभरून पत्रे लिहिली. पाच पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. एकाच तऱ्हेच्या पत्रांपैकी एकच निवडले आहे, त्यामुळे आपले पत्र दिसले नाही तरी आपले उत्तर बहुधा येथे सापडेल.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. मी मानेवाड्याला राहते आणि बँकेत नोकरी करते. पाळी येण्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून माझा माझ्यावर ताबा राहत नाही. मागच्या महिन्यात मुलाच्या डब्याचे झाकण नीट लागेना, एवढ्यावरून मी त्याच्यावर ओरडले आणि मग ओट्याशी उभी राहून रडत बसले. यजमान विचारतात, “काहून अशी चिडून राहिली?” त्यांना काय सांगावे, हे मलाच कळत नाही. पाळी सुरू झाली, की दोन दिवसांत सगळे निवळते. हार्मोन्सच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या, रिपोर्ट नॉर्मल आले आणि “तुम्हाला काही झालेले नाही” असे सांगण्यात आले. सासूबाई म्हणतात, “तुझी आईसुद्धा अशीच होती, रक्तातच आहे.” रिपोर्ट नॉर्मल असतील, तर बिघडले आहे ते काय? आणि खरेच हे रक्तातून येते का?

उत्तर : तुमचे रिपोर्ट नॉर्मल आले यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही, आणि त्यावरून तुमचा त्रास खोटा ठरत नाही. ज्या स्त्रियांना पाळीपूर्वी असा तीव्र मानसिक त्रास होतो, त्यांच्या रक्तातील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांची पातळी इतर स्त्रियांइतकीच असते, हे पुष्कळ अभ्यासांतून दिसून आले आहे. फरक असतो तो त्या संप्रेरकांना मेंदू जो प्रतिसाद देतो त्यात. सावजीचा तोच रस्सा एका पंगतीत दोघांना वाढला, तर एक जण शांतपणे जेवतो आणि दुसऱ्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी येते. तिखट मोजून कारण सापडायचे नाही. रक्ताची तपासणी तिखट मोजते, जीभ तपासत नाही.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा १९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील पीटर श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. त्यांनी पाळीपूर्व त्रास असलेल्या काही स्त्रियांचे बीजांडकोष औषधाने तात्पुरते थांबवले. संप्रेरकांचा चढउतार थांबला आणि १० स्त्रियांचा त्रास लक्षणीय कमी झाला. मग त्याच स्त्रियांना इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन बाहेरून दिले, तेव्हा त्रास परत आला. हेच औषध आणि हीच संप्रेरके असा त्रास नसलेल्या १५ स्त्रियांनाही दिली होती. त्यांच्या मनःस्थितीत काहीही फरक पडला नाही. पुढे २०१७ साली याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. संप्रेरके सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात त्रास होतो, पण तीच मात्रा स्थिर ठेवून चालू ठेवली, तर पुढच्या महिन्यांत तो ओसरतो. म्हणजे मनाला टोचते ती पातळी नव्हे, पातळीतला बदल.

आता सासूबाईंच्या म्हणण्याकडे वळू. ‘रक्तातच आहे’ हे वाक्य आपल्याकडे बहुधा टोमणा म्हणून येते, पण त्यात तथ्याचा अंश आहे. इस्ट्रोजेन पेशीत शिरले, की तेथील ग्राही नावाच्या प्रथिनाला चिकटते, आणि ही जोडी पेशीतील इतर जनुके चालू-बंद करते. इस्ट्रोजेनचे दोन मुख्य ग्राही आहेत. पहिल्याचे जनुक ईएसआर१ हे सहाव्या गुणसूत्रावर असते, तर १९९६ साली सापडलेल्या दुसऱ्याचे, ईएसआर२ चे, चौदाव्या गुणसूत्रावर. हे ग्राही गर्भाशयात आहेत, तसेच भीतीची व धोक्याची नोंद घेणाऱ्या अमिग्डलात, आठवणी बांधणाऱ्या हिप्पोकॅम्पसमध्ये आणि भावनेला आवर घालणाऱ्या, कपाळामागच्या मेंदूच्या भागातही आहेत. पाळीच्या चक्रात मनाचा रंग बदलू शकतो तो यामुळेच. २००७ साली एका छोट्या अभ्यासात ईएसआर१ मधील काही बारीक फेरफार या त्रासाशी निगडित आढळले, आणि तेही डोपामिन हे मेंदूतील संदेशवाहक रसायन मोडणाऱ्या दुसऱ्या एका जनुकाचा विशिष्ट प्रकार ज्यांच्यात होता, त्यांच्यातच. एवढ्या छोट्या अभ्यासावर मी स्वतः फार भार टाकणार नाही. मला अधिक वजनदार वाटते ते २०१७ सालचे काम. त्यात पाळीपूर्व तीव्र त्रास असलेल्या स्त्रियांच्या रक्तातून वाढवलेल्या पेशी तपासल्या, तेव्हा इतर जनुकांना लगाम घालणाऱ्या जनुकांच्या एका समूहाचे काम त्यांच्यात वेगळे चालत असल्याचे दिसले, आणि संप्रेरके दिल्यावर त्या पेशींनी दिलेला प्रतिसादही वेगळा होता. लक्षात घ्या, येथे स्त्रीचा स्वभाव, तिचे संसारातले ताणतणाव, तिची सासू, तिची नोकरी यांपैकी काहीच नव्हते. काचेच्या बशीतल्या पेशी होत्या. हा त्रास ‘मनाचे खेळ’ आहे असे म्हणणाऱ्यांना मी हा अभ्यास आवर्जून सांगतो.

दुसरा धागा प्रोजेस्टेरॉनचा आहे. शरीर त्यापासून ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचे एक द्रव्य तयार करते, जे मेंदूतील गाबा या शांतवणाऱ्या यंत्रणेवर काम करते. बहुतेक स्त्रियांना त्यामुळे गुंगी किंवा निवांतपणा येतो. काही स्त्रियांना मात्र पाळीपूर्वीच्या दिवसांत तेच द्रव्य अस्वस्थ व चिडचिडे करते. २०१६ साली या द्रव्याच्या निर्मितीतील एक पायरी औषधाने अडवून पाहिली, तेव्हा अशा स्त्रियांची लक्षणे कमी झाली.

तुमच्या वर्णनावरून हा पाळीपूर्व तीव्र मनोविकार असू शकतो. वैद्यकीय भाषेत त्याला पीएमडीडी म्हणतात आणि २०१३ पासून तो मानसोपचाराच्या अधिकृत निदानांत स्वतंत्रपणे मोजला जातो. साधारण तीन ते आठ टक्के स्त्रियांना तो असावा, असा अंदाज दिला जातो. निदानासाठी कोणतीही रक्ततपासणी नाही, जनुकीय तपासणीही नाही. आपल्याकडे दुधाचा हिशेब ज्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात, तेच येथे सर्वांत कामाचे साधन आहे. रोज रात्री त्या तारखेच्या चौकोनात चिडचिड, रडू, बेचैनी आणि झोप या चारांना शून्य ते पाच असे गुण द्या आणि पाळीची तारीख गोल करा. सलग दोन पाळ्या हे करा, आणि आठवून नव्हे, त्याच दिवशी लिहा. पाळी संपल्यानंतरचा आठवडा निर्मळ दिसला, तर निदान बळकट होते. तो आठवडाही तसाच उदास असेल, तर नैराश्य, थायरॉइड किंवा रक्तक्षय यांचा शोध घ्यावा लागेल. मे महिन्यात नोंद ठेवत असाल, तर कूलर बंद पडलेल्या रात्रीही लिहून ठेवा. नागपूरच्या उन्हाळ्यात झोप उडाली, की कोणाचेही गुण बिघडतात.

उपाय आहेत. मेंदूतील सिरोटोनिन या रसायनावर काम करणारी नैराश्याची औषधे या त्रासात काही दिवसांतच गुण देतात, त्यामुळे काही स्त्रियांना ती पाळीआधीच्या पंधरवड्यापुरतीच दिली जातात. ती मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. यजमानांना हे उत्तर वाचायला द्यायला हरकत नाही.

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची आहे. तिने ऑनलाइन किट मागवून लाळेची जनुकीय तपासणी करून घेतली. अहवालात सीओएमटी जनुकाचा ‘मेट’ प्रकार आहे, त्यामुळे ‘भावनिक संवेदनशीलता जास्त व ताण सहन करण्याची क्षमता कमी’ असे छापले आहे. तेव्हापासून ती प्रत्येक गोष्टीला “माझे जीन्सच असे आहेत” म्हणते. यंदा तिच्या लग्नाचे पाहायचे आहे. स्थळ सांगून आले, तर हे त्यांना कळवणे बंधनकारक आहे का? — एक पालक, नंदनवन

उत्तर : कळवण्यासारखे त्यात काहीही नाही. तो कागद पत्रिकेच्या फायलीत ठेवू नका, एवढी माझी विनंती आहे. एका पत्रिकेने मुलींचे पुरेसे नुकसान केले आहे.

सीओएमटी हे बाविसाव्या गुणसूत्रावरील जनुक. ते जे एन्झाइम बनवते, ते मेंदूच्या पुढच्या भागातील डोपामिन मोडण्याचे काम करते. या एन्झाइमच्या १५८व्या जागी व्हॅलीन किंवा मेथिओनीन यांपैकी एक अमिनो आम्ल असते. मेथिओनीनवाले एन्झाइम (अहवालातला ‘मेट’ प्रकार तो हाच) तीन ते चार पट मंद चालते, म्हणून तेथे डोपामिन अधिक काळ टिकते. ही रसायनशास्त्रातील पक्की गोष्ट आहे. इस्ट्रोजेन या जनुकाचे काम कमी करते, हीही पक्की. त्यामुळे या जनुकाचा परिणाम स्त्रीमध्ये महिनाभर एकसारखा राहत नाही. २०११ साली बर्कले येथील संशोधकांनी हे छान दाखवले : पाळीच्या चक्रात इस्ट्रोजेन चढते असताना वेगवान एन्झाइम असलेल्या स्त्रियांची क्षणिक स्मृती सुधारली, तर मंद एन्झाइम असलेल्यांची घसरली. म्हणजे एकच जनुक, एकच स्त्री, आणि पंधरा दिवसांच्या अंतराने उलटे चित्र. अशा जनुकावरून कोणाला कायमचे ‘कमकुवत’ ठरवणारा अहवाल विज्ञानाच्या नावावर ज्योतिष विकतो आहे.

गोष्ट येथेच संपत नाही. एन्झाइम मंद आहे येथपासून ‘ही मुलगी ताण सहन करू शकणार नाही’ येथपर्यंतची उडी कोणीही सिद्ध केलेली नाही. वीसएक वर्षांपूर्वी एकेका जनुकावर मनाचा एकेक गुण चिकटवण्याची लाटच आली होती. २००३ साली सिरोटोनिनच्या वाहक जनुकाविषयी एक गाजलेला निबंध आला. त्याचा एक प्रकार असलेल्यांवर आयुष्यात आघात झाले, तर त्यांना नैराश्य येण्याची शक्यता अधिक असते, असे त्यात म्हटले होते. त्यावर शेकडो निबंध निघाले. पुढे काही लाख लोकांची माहिती हाताशी आल्यावर २०१९ साली नैराश्याशी जोडली गेलेली १८ नामांकित जनुके एकत्र तपासली गेली. कोणतीही १८ जनुके उचलून जेवढा संबंध दिसला असता, त्याहून अधिक संबंध या नामांकितांचाही दिसला नाही. सीओएमटी त्या यादीत होते.

मग आनुवंशिकता नाहीच का? आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नैराश्य असलेल्या जवळजवळ ७ लाख लोकांच्या माहितीतून सुमारे ७०० जनुकीय फेरफार सापडले. पण त्यातील प्रत्येकाचा वाटा कणभर असतो, आणि असे कमी-अधिक फेरफार तुमच्यात, माझ्यात आणि उद्या स्थळ घेऊन येणाऱ्या मुलातही असणारच. शिवाय असे बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहेत. त्यांचे आकडे जसेच्या तसे नागपूरच्या मुलीवर बसवता येत नाहीत.

मला काळजी वाटते ती अहवालाची नव्हे, मुलगी आता प्रत्येक गोष्टीला तो पुढे करते त्याची. तिच्याशी वाद घालू नका. तिला खरोखर झोप लागत नाही का, परीक्षेची किंवा नोकरीची धास्ती वाटते का, लग्नाचा विषय तिला नको आहे का, हे आईने किंवा तिच्या जवळच्या एखाद्या मावशीने तिला निवांतपणे विचारावे. पुष्कळदा मुलींना “मला हे जमत नाही” असे म्हणायला घरात जागा नसते, मग तेच जनुकाच्या तोंडून बोलावे लागते.

प्रश्न : स्त्रियांमध्ये दोन एक्स गुणसूत्रे असतात, म्हणजे भावनांची जनुकेही दुप्पट असतात, म्हणून स्त्रिया जास्त भावनाप्रधान असतात, असे आमच्या एका शिकवणीत सांगितले गेले. हे बरोबर आहे का? — बारावीची विद्यार्थिनी, सक्करदरा

उत्तर : नाही. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र जवळजवळ पूर्णपणे मिटवून ठेवलेले असते. मेरी लायन यांनी ही कल्पना १९६१ साली मांडली. काही जनुके त्यातून निसटतात, पण म्हणून मात्रा सरसकट दुप्पट होत नाही. शिवाय ज्यांची चर्चा आपण करत आहोत त्यांतील बरीच जनुके एक्सवर नाहीतच. इस्ट्रोजेनच्या ग्राहींची सहाव्या व चौदाव्यावर, टेस्टोस्टेरॉनपासून इस्ट्रोजेन बनवणाऱ्या ॲरोमॅटेजचे पंधराव्यावर, ऑक्सिटोसिनच्या ग्राहीचे तिसऱ्यावर. ही सारी पुरुषांतही तितकीच असतात. गंमत अशी, की एक्सवर आहे ते टेस्टोस्टेरॉनच्या, म्हणजे ‘पुरुषी’ समजल्या जाणाऱ्या संप्रेरकाच्या ग्राहीचे जनुक. चेहऱ्यावरील भाव ओळखण्यात स्त्रिया सरासरीने किंचित सरस ठरतात. पण तो फरक लहान आहे, आणि दोन स्त्रियांमधला फरक त्याहून कितीतरी मोठा असतो.

प्रश्न : माझ्या थोरल्या मुलीला पहिल्या बाळंतपणानंतर फार त्रास झाला होता. बाळाला जवळ घेईना, रात्ररात्र जागी राहायची, “मी वाईट आई आहे” म्हणायची. आम्ही सुरुवातीला बाहेरची बाधा समजून दोन महिने घालवले. नंतर औषधांनी ती पूर्ण बरी झाली. आता धाकटी सातव्या महिन्यात आहे आणि बाळंतपणासाठी आमच्याकडे महालात आली आहे. तिलाही तसेच होईल का? — एक आई

उत्तर : होईलच असे नाही. मात्र धोका थोडा अधिक आहे असे धरून तयारी ठेवावी. स्वीडनमधील जुळ्या बहिणींच्या अभ्यासात, जो २०१६ साली प्रसिद्ध झाला, गरोदरपण व बाळंतपणाच्या काळातील नैराश्यात स्त्रियास्त्रियांमध्ये जो फरक दिसतो, त्यातील सुमारे ५४ टक्के आनुवंशिकतेशी जोडता येतो असे आढळले. इतर वेळच्या नैराश्यापेक्षा हा वाटा मोठा आहे. हा आकडा समूहाचा आहे. धाकटीला ५४ टक्के धोका आहे, असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही.

गरोदरपणात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन अनेक पटींनी वाढतात आणि वार पडल्यावर काही दिवसांतच तळाला जातात. ही घसरण प्रत्येक बाळंतिणीत होते, पण प्रत्येकीला ती सोसवते असे नाही. २००० साली एका प्रयोगात १६ स्त्रियांना औषधांनी गरोदरपणासारखी संप्रेरकांची वाढ देऊन ती एकदम काढून घेतली. ज्यांना पूर्वी बाळंतपणानंतर नैराश्य येऊन गेले होते, त्या आठपैकी पाच जणींची मनःस्थिती लक्षणीय बिघडली. ज्यांना ते कधीच आले नव्हते, त्या आठपैकी एकीचीही नाही. यात ना बाळ होते, ना जागरण, ना पाहुण्यांची वर्दळ.

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी रडू येणे, मन हळवे होणे हे सर्वसाधारण आहे. ते दोन आठवड्यांत आपोआप जाते. त्यापुढे टिकले, झोपायला मिळूनही झोप लागत नसेल, बाळाविषयी काहीच वाटत नसेल, तर थांबू नका. आपल्या देशातील अनेक अभ्यास एकत्र पाहिले असता सुमारे २२ टक्के बाळंतिणींना असे नैराश्य येते असे दिसते, म्हणजे हे तुमच्याच घरी घडले असे समजण्याचे कारण नाही. धाकटीच्या प्रसूतितज्ज्ञांना बहिणीचा इतिहास आत्ताच सांगा. चौकशीच्या कागदावर मधुमेह व रक्तदाब विचारतात, हे कोणी विचारत नाही. बाळंतपणानंतर दोन व सहा आठवड्यांनी बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठीची एडिंबरा प्रश्नावली, जिच्यात फक्त दहा प्रश्न असतात, भरून घ्यायला सांगा. अळीव-डिंकाचे लाडू, मालीश, शेक सारे जरूर करा, पण रात्रीचे सलग चार-पाच तास तिला झोपू द्या आणि तेवढा वेळ बाळ तुम्ही किंवा जावई सांभाळा. अशा स्त्रीला झोपेइतके दुसरे काही लाभत नाही.

बाळंतीण भलतेसलते बोलू लागली, तिला भास होऊ लागले किंवा तिने स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचे बोलून दाखवले, तर ती तातडीची वेळ समजा आणि मेडिकल, मेयो किंवा जवळच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात त्याच रात्री न्या. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. उपचारांविषयी एक दिलाशाची बाब : वर उल्लेख केलेल्या ॲलोप्रेग्नॅनोलोनच्याच धर्तीवरचे चौदा दिवस घ्यायचे झुरानोलोन हे औषध २०२३ साली अमेरिकेत याच आजारासाठी मंजूर झाले. मात्र आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरात असलेली औषधेही गुणकारी आहेत, आणि त्यांतील काही दूध पाजत असतानाही देता येतात. थोरलीला कोणत्या औषधाने बरे वाटले, ते कागद शोधून ठेवा. बहिणीच्या आजारात ती माहिती डॉक्टरांना उपयोगी पडते.

प्रश्न : वय ४७. पाळी अनियमित झाली आहे. आयुष्यात कधी नव्हे ते उदास वाटते, छातीत धडधडते, क्षुल्लक गोष्टींवर संताप येतो. मैत्रीण म्हणते, हार्मोन्सच्या गोळ्या घे. घ्याव्यात का? — खामल्याच्या एक शिक्षिका

उत्तर : आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ आणि साखर तपासून घ्या, या वयात ही चारही कारणे हार्मोन्सचे सोंग घेतात. पाळी जाण्याच्या उंबरठ्यावर इस्ट्रोजेन सरळ उतरत नाही, तर वरखाली हेलकावे खात उतरते, आणि त्या हेलकाव्यांना काही स्त्रियांचा मेंदू अधिक बिचकतो. २०१५ सालच्या एका अभ्यासात इस्ट्रोजेन देऊन नंतर ते काढून घेतल्यावर, ज्यांना पूर्वी या उंबरठ्यावर नैराश्य आले होते, त्यांचीच लक्षणे परतली; इतरांना काही झाले नाही. तुम्हाला तरुणपणी पाळीपूर्वी किंवा बाळंतपणानंतर असा त्रास झाला होता का, हे पत्रात लिहिलेले नाही. आठवून पाहा, कारण डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच विचारायला हवे. इस्ट्रोजेनचा उपचार काहींना खरोखर मानवतो, पण स्तनाच्या कर्करोगाचा किंवा रक्तात गुठळ्या होण्याचा इतिहास असेल, तर तो बहुधा टाळला जातो. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणू नका. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि जाताना मागील सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा, धडधड नेमकी कोणत्या वेळी होते त्याची नोंद, तसेच आई व बहिणींची पाळी कोणत्या वयात गेली ते लिहून न्या. उदासी दोन आठवड्यांहून अधिक सलग राहिली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडेही त्याच आठवड्यात वेळ घ्या. एकाचे उपचार संपण्याची वाट पाहून दुसरे सुरू करण्याची गरज नाही.